परीक्षण आणि गुपित : हिप-हॉपमधील ठेकाकारांच्या परस्पर समीक्षेचा इतिहास

कलेचा इतिहास बहुधा पूर्ण झालेल्या कृतींवरून लिहिला जातो. कृती अद्याप कच्ची व बदलण्याजोगी असताना एखाद्या समव्यवसायी मित्राने ती ऐकून काय म्हटले, आणि त्या बोलण्याने तिच्यात कोणता फरक पडला, याची नोंद सहसा राहत नाही. कवींची पत्रे उरतात, नाटककारांची टिपणे उरतात. पण ज्या कलांत सारा व्यवहार कानाने व तोंडाने चालतो त्यांच्या बाबतीत हा पुरावा हवेत विरून जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात १९७३ च्या सुमारास उदयास आलेली हिप-हॉप ही अशीच एक कला होय. तथापि तिचे पहिले प्रवर्तक दीर्घकाळ हयात राहिल्याने व त्यांच्या मुलाखती विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाल्याने या कलेतील परस्पर समीक्षेचा इतिहास बऱ्याच अंशी जुळविता येतो. हा इतिहास भाषेच्या अभ्यासकालाही उपेक्षणीय नाही. कारण एकमेकांच्या कामातील दोष कोणत्या शब्दांत सांगावा, कोणापुढे सांगावा आणि केव्हा मुळीच सांगू नये, हा प्रश्न अखेर भाषाव्यवहाराचाच प्रश्न आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट ठरेल. इंग्रजीतील 'बीट' या शब्दाचा मूळ अर्थ आघात; संगीतात तो मात्रेच्या अर्थाने रूढ झाला. हिप-हॉपच्या परिभाषेत मात्र या शब्दाचा आणखी विस्तार होऊन, रॅपरच्या शब्दांखाली वाजणारी संपूर्ण वाद्यरचना असा अर्थ त्याला प्राप्त झाला. ढोलांचे आघात, मंद्र स्वरांची ओळ, जुन्या तबकडीवरून उचललेला शिंगवाद्यांचा वा गळ्याचा तुकडा, हे सारे मिळून एक 'बीट' होते. अंशवाचक शब्द समग्राला लागू होण्याचा हा प्रकार अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठीत त्यासाठी 'ठेका' हा शब्द वापरता येईल. तबल्याच्या ठेक्यात स्वरांचा अंतर्भाव होत नाही हे खरे, परंतु पुनरावृत्तीची कल्पना त्या शब्दात आहे आणि या कलेचा सारा आधार पुनरावृत्तीवरच आहे. अशी रचना करणाऱ्यास पुढील विवेचनात ठेकाकार म्हटले आहे.

या कलेच्या आरंभी समीक्षेपेक्षा गुपिताचे महत्त्व अधिक होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत ज्याच्या बहिणीने नाचाचा कार्यक्रम योजला तो कूल हर्क मूळचा जमैकातील किंग्स्टनचा. जमैकात फिरत्या ध्वनियंत्रणांच्या चालकांमध्ये तीव्र स्पर्धा असे, आणि आपण वाजवीत असलेली तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरील कागदी नावपट्टी काढून टाकण्याची तेथे रीत होती. हर्कने तीच रीत न्यूयॉर्कमध्ये चालू ठेवली. तबकड्या पाण्यात भिजवून तो नावपट्ट्या सोडवीत असे. गीतातील ज्या भागात केवळ ढोल वाजतात तो 'ब्रेक' नावाचा अंश दोन तबकड्यांवरून आळीपाळीने वाजवून लांबविणे ही त्याची युक्ती. ती उघड असली तरी तिचे साहित्य झाकलेले होते. इनक्रेडिबल बाँगो बँडची 'अपाची' ही तबकडी पुढे या साऱ्या मंडळींची जणू सामाईक मिळकत झाली. परंतु प्रारंभी कोणती तबकडी कोठे मिळते हे ज्ञान म्हणजेच भांडवल होते. आपले साधन ज्याला दाखवावयाचे नाही, त्याला आपल्या कामावर मत तरी कसे विचारावे? या काळात निर्णय देणारा घटक एकच होता, आणि तो म्हणजे नाचणारा जमाव.

जमावाचा निर्णय तत्काळ मिळे, पण त्याबरोबर कारण मिळत नसे. ग्रँडमास्टर फ्लॅश याने तबकडीवर खडूने खुणा करून व ती उलटी फिरवून ब्रेक अचूक जागी जोडण्याची पद्धत बसविली. ती पहिल्याने लोकांपुढे मांडली तेव्हा लोक नाचण्याऐवजी नुसतेच उभे राहून पाहत राहिले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ती स्तब्धता कौतुकाची होती की नापसंतीची, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे त्याच पद्धतीवर संपूर्ण कला उभी राहिली हे ध्यानात घेतले म्हणजे जमावाच्या कौलाचे मोल किती आणि त्याची मर्यादा कोठे, हे दोन्ही स्पष्ट होते. याच सुमारास फ्लॅशच्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ, ग्रँड विझर्ड थिओडोर या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला मुलगा, यंत्राजवळ उभे राहून शिकत होता; तबकडी हाताने मागेपुढे घासून आवाज काढण्याच्या 'स्क्रॅच' या क्रियेचे श्रेय त्याला दिले जाते. शिकणे अशा रीतीने घराच्या व नात्याच्या आत चालले होते. बाहेरच्याला ते मिळत नसे.

बाहेर जे चालत असे त्याचे स्वरूप द्वंद्वाचे होते, आणि येथे भाषाशास्त्रातील एका प्रसिद्ध संशोधनाची मदत घ्यावी लागते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय किशोरांच्या बोलीचा अभ्यास केला व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेज इन द इनर सिटी' या ग्रंथात त्यांच्या निंदाक्रीडेचे नियम मांडले. या क्रीडेत एक मुलगा दुसऱ्याच्या आईविषयी वा घराविषयी अचाट विधान करतो व दुसरा त्याहून अचाट विधानाने उत्तर देतो. लबॉव्ह यांचे मर्मग्राही निरीक्षण असे की, ही निंदा निरुपद्रवी राहते याचे कारण ती सर्वांना उघडउघड खोटी ठाऊक असते. तीत सत्याचा अंश शिरला की खेळ मोडतो. मग ऐकणारा प्रत्युत्तर देत नाही, तो इन्कार करतो, सबब सांगतो, किंवा चिडतो. निंदा उपचाराची न राहता व्यक्तिगत होते.

हे तत्त्व ठेकाकारांच्या व्यवहाराला लावून पाहिल्यास पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. चव्हाट्यावरील द्वंद्वात एखाद्याला 'तुला काही येत नाही' असे हिणविणे हा उपचार आहे. १९८१ च्या डिसेंबरात 'हार्लेम वर्ल्ड' येथे कूल मो डी याने बिझी बी याची जी संभावना केली तिचा हिप-हॉपच्या इतिहासात वारंवार उल्लेख होतो. पण तिच्या मागे उपचाराची चौकट होतीच. उलट, 'तुझा दुसरा ढोल मात्रेच्या किंचित मागे पडतो आहे', 'मंद्र ओळ व शिंगांचा तुकडा यांचे सूर जुळत नाहीत', 'हा तुकडा अमक्याने गेल्याच वर्षी वापरला आहे', ही विधाने पडताळून पाहता येतात. ती खरी असू शकतात. म्हणूनच, लबॉव्ह यांच्या तर्काने, तीच अधिक धोक्याची. ज्या समाजात उघड निंदेची एवढी समृद्ध परंपरा आहे त्याच समाजात विधायक टीका मात्र बंद खोलीत, दोन-तीन माणसांत व दीर्घ परिचयानंतरच होते, यात विसंगती नाही. हे दोन निरनिराळे भाषाव्यवहार होत आणि त्यांची ठिकाणे निरनिराळी असणे क्रमप्राप्त आहे.

दोहोंच्या मधली एक व्यवस्था लॉस एंजेलिसमध्ये आढळते. तेथील 'गुड लाइफ' या आरोग्यदायी खाद्यपदार्थांच्या उपाहारगृहात १९८९ च्या अखेरीपासून दर गुरुवारी नवोदितांना ध्वनिक्षेपक खुला असे. अपशब्दांना मज्जाव होता. एखाद्याचे सादरीकरण रेंगाळले किंवा कच्चे वाटले की, कृपा करून ध्वनिक्षेपक पुढच्याच्या हाती द्यावा अशा अर्थाचे विनंतीवजा वाक्य श्रोते एका सुरात म्हणत. त्या वाक्यातील शिष्टाचाराचा शब्द हा केवळ अलंकार नव्हे. निकाल कठोर, पण त्याची भाषा ठरलेली; तो सर्वांना सारखाच लागू, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येण्यास आडकाठी नाही. कारण मात्र येथेही सांगितले जात नसे.

कारणे सांगण्याची गरज निर्माण केली ती यंत्राने. १९८७ मध्ये ई-म्यू या कंपनीने 'एसपी-१२००' हे ध्वनी साठवून पुन्हा वाजविणारे यंत्र बाजारात आणले. त्यात एकंदर सुमारे दहा सेकंदांचा ध्वनी मावे, आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांची मर्यादा होती. ही कृपणता पुढे गुणकारी ठरली. तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसच्या गतीने वाजवून तुकडा घ्यावयाचा व यंत्रात त्याची गती उतरवावयाची, म्हणजे कमी जागेत अधिक संगीत मावते व आवाजाला एक खरखरीत पोत येतो, ही युक्ती सर्वतोमुखी झाली. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यांच्या आराखड्यानुसार आकाई कंपनीचे 'एमपीसी-६०' आले. सर्वांच्या पुढे तेच यंत्र व त्याच अडचणी आल्यामुळे अडचणींविषयी बोलता येऊ लागले. तबकडीचे नाव लपविता येते; यंत्राची कळ कोठे आहे हे फार काळ लपविता येत नाही. व्यवसायाची परिभाषा, म्हणजे तुकडा 'चिरणे', 'उलथणे', 'पुनरावर्तित करणे' या अर्थांची क्रियापदे, याच काळात स्थिर झाली, आणि परिभाषा स्थिर झाल्यावाचून सकारण टीका संभवत नाही.

क्वीन्स विभागातील १२१२ स्टुडिओत काम करणारा पॉल सी. मॅकॅस्टी हा तरुण ध्वनितंत्रज्ञ या संक्रमणाचा मुख्य दुवा होय. अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज या संचाच्या १९८८ मधील एका गीतासाठी त्याने स्टीरिओ तबकडीची एकच बाजू घेऊन, दुसऱ्या बाजूस असलेली वाद्ये वगळली आणि ढोल तेवढे सुटे केले. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या वेळी ऐकणाऱ्यांना ती करामत वाटली. महत्त्वाची बाब ही की, त्याने आपली विद्या मुठीत ठेवली नाही. शाळेत जाणारा एक मुलगा, जो पुढे लार्ज प्रोफेसर या नावाने ओळखला गेला, त्याच्याजवळ बसून एसपी-१२०० शिकला. १७ जुलै १९८९ रोजी पॉल सी. याचा खून झाला. त्याचे वय अवघे चोवीस होते. एरिक बी. आणि राकिम यांच्या ज्या संग्रहावर तो काम करीत होता त्यातील पुष्कळसे उरलेले काम त्या किशोरवयीन शिष्याने पार पाडले, आणि १९९० मध्ये तो संग्रह निघाला तेव्हा श्रेयनामावलीत त्याला योग्य स्थान मिळाले नाही. श्रेय देणे हेही टीकेचेच एक अंग आहे. ते चुकले की माणसे पुन्हा गुपिताकडे वळतात. लार्ज प्रोफेसर वळला नाही, ही त्या पिढीच्या सुदैवाची गोष्ट म्हटली पाहिजे.

त्या पिढीतील देवघेव कशी चाले याचे दोन दाखले पाहण्याजोगे आहेत. पहिला 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या संचाच्या १९९१ मधील संग्रहातला. माउंट व्हर्नन येथे पीट रॉक याच्या घरी गेलेल्या क्यू-टिपने तेथे वाजत असलेला एक ठेका ऐकला व तो स्वतः नव्याने बांधून आपल्या गीताला वापरला. व्यवसायाच्या नीतीप्रमाणे ही सरळ चोरी ठरली असती. परंतु गीताच्या अखेरीस पीट रॉकचे नाव उच्चारून ऋण मान्य करण्यात आले, आणि संबंध बिघडले नाहीत. दुसरा दाखला नॅस या रॅपरच्या १९९४ मधील 'इलमॅटिक' या संग्रहाचा. त्या काळी हिप-हॉपचा संग्रह बहुधा एकाच ठेकाकाराच्या वा संचाच्या हातचा असे. येथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर व एल. ई. एस. अशा पाच जणांचे काम शेजारी शेजारी आले. पीट रॉक व क्यू-टिप यांनी केलेली गीते ऐकल्यावर आपले एक गीत त्यांच्यापुढे फिके पडते असे प्रीमियरला वाटले व त्याने त्याचा ठेका पुन्हा नव्याने बांधला, असे त्याने सांगितले आहे. कोणी त्याच्यावर टीका केली नव्हती. शेजारच्या कामाने ती केली. शब्दांवाचून झालेली ही समीक्षा कदाचित सर्वांत परिणामकारक असेल. मात्र ती समजण्यास ऐकणाऱ्याचा कान आधीच तयार असावा लागतो, ही अट विसरता कामा नये. नवशिक्याला शेजारच्या चांगल्या कामाने केवळ नाउमेद होण्याचाच संभव अधिक.

टीकेचा निकष कोणता, हा वाद 'पब्लिक एनिमी'च्या 'बॉम्ब स्क्वॉड' या ठेकाकार मंडळात तीव्रतेने दिसतो. त्यांतील एरिक सॅडलर हा वाद्यवादनातून आलेला. सूर जुळले पाहिजेत, मात्रा मात्रेवर आली पाहिजे, अशी त्याची शिकवण. हँक शॉकली याला नेमका तोच नेटकेपणा नको होता. त्याला गोंगाट हवा होता, तुकडे एकमेकांवर आदळावयास हवे होते. १९८८ मधील त्यांच्या गाजलेल्या संग्रहात जो ताण ऐकू येतो तो या मतभेदातून आलेला आहे असे मानण्यास पुरेसा आधार आहे. सॅडलरची टीका संगीतशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होती. ती सर्वस्वी मान्य झाली असती तर तो संग्रह झालाच नसता; ती सर्वस्वी डावलली असती तर केवळ गोंधळ उरला असता. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला हरविले नाही, आणि त्यातच मंडळाचे यश होते.

जोसेफ श्लॉस यांच्या 'मेकिंग बीट्स' या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ठेकाकारांची ही अलिखित नीतिसंहिता प्रथम पद्धतशीरपणे नोंदविली. त्यांचे क्षेत्रकार्य बऱ्याच अंशी सिॲटल शहरातले आहे. ध्वनी तबकडीवरूनच घ्यावा. दुसऱ्या हिप-हॉप गीतातून घेऊ नये. ज्या कृतीविषयी अतिशय आदर आहे तिला हात लावू नये. पुनःप्रकाशित संकलनांतून आयते ब्रेक उचलू नयेत. एकाच तबकडीतून एकाहून अधिक अंश घेऊ नये. आणि सर्वांत थोर नियम, दुसऱ्याचे चावू नये. चावणे या अर्थाचे 'बाइट' हे इंग्रजी क्रियापद येथे उसनवारी लपवून केलेल्या अनुकरणास लावतात. रॅपरांच्या जगात या आरोपाचे आद्य उदाहरण १९७९ मधील 'रॅपर्स डिलाइट' हे होय. त्यातील एका गायकाने म्हटलेले शब्द ग्रँडमास्टर कॅझ याच्या वहीतले होते, आणि कॅझला त्याचे श्रेय वा मोबदला मिळाला नाही. लबॉव्ह यांच्या भाषेत सांगावयाचे तर चावल्याचा आरोप कधीच उपचाराचा होऊ शकत नाही. तो खरा तरी असतो किंवा खोटा तरी, आणि म्हणून तो करताना जाणते ठेकाकार फार जपून बोलतात.

श्लॉस यांच्या विवेचनातील चिंतनीय भाग असा की, या नियमांना अपवाद आहेत आणि अपवादाची कसोटी कौशल्य हीच आहे. पुष्कळांनी वापरलेला तुकडा पुन्हा वापरला तरी चालतो, जर तो असा 'उलथला' असेल की मूळ ओळखू यावे आणि तरीही नवे वाटावे. म्हणजे टीकाकाराला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : मूळ तबकडी, तिचे पूर्वीचे उपयोग, आणि प्रस्तुत ठेक्यातील फेरफार. यांतील पहिलीच ठाऊक नसेल तर स्तुती व निंदा दोन्ही पोकळ. नवोदिताला अनुभवी माणसाकडून मिळणारा सर्वांत उपयुक्त अभिप्राय पुष्कळदा 'हे चांगले' वा 'हे वाईट' या रूपात नसतोच; 'अमुक तबकडी ऐकली आहेस का?' या प्रश्नाच्या रूपात तो येतो. क्लॉडिया मिचेल-कर्नन यांनी कृष्णवर्णीयांच्या बोलीतील सूचक बोलण्याचे जे वर्णन केले आहे त्याच्याशी या प्रश्नाचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. दोष सांगितला जातो; पण तो सांगितला असे कोणाला म्हणता येत नाही, आणि ऐकणाऱ्याची पत राहते.

या वाढत्या मोकळेपणाला १९९१ च्या डिसेंबरात मोठा धक्का बसला. गिल्बर्ट ओ'सलिव्हन याच्या गीताचा अंश परवानगीवाचून वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरच्या प्रकाशकांविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा झाला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलातील आज्ञेने केला आणि प्रकरण फौजदारी कारवाईसाठी पाठविण्याचे सुचविले. २००५ मधील ब्रिजपोर्ट खटल्याच्या निकालाने तर दोन सेकंदांच्या तुकड्यालाही परवाना आवश्यक ठरविला. कायद्याच्या बाजूने काय म्हणावयाचे ते म्हणता येईल. मूळ वादकांना काही मिळू नये असे कोणी सुजाण माणूस म्हणणार नाही. परंतु समीक्षेवर झालेला परिणाम वेगळाच आहे. 'हा तुकडा तू कोठून घेतलास?' हा प्रश्न, जो विधायक टीकेचा पाया होता, तोच आता पुराव्याचा प्रश्न झाला. हर्कच्या काळी नावपट्टी प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने काढली जात होती. आता वकिलाच्या भीतीने ती मनातल्या मनात काढली जाऊ लागली. तुकडे इतके बारीक चिरावयाचे की मूळ ओळखूच येऊ नये, ही शैली अंशतः सौंदर्यदृष्टीतून आली असली तरी अंशतः या भीतीतूनही आली. मूळ ओळखू आल्यावाचून ज्या गुणाची दाद देता येत नाही तो गुण दडवावा लागणे, ही ठेकाकारांची मोठीच हानी होती.

या संदर्भात मुंबईशी संबंध असलेले एक प्रकरण उल्लेखिले पाहिजे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' हे गीत अमेरिकेत गाजले. त्याचा ठेका डीजे क्विक याने बांधला होता आणि त्यात १९८१ च्या 'ज्योती' या हिंदी चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी स्वरबद्ध केलेले व लता मंगेशकर यांनी गायिलेले गीत मोठ्या प्रमाणावर वाजते. प्रकरण न्यायालयात गेले व २००३ मध्ये, लाहिरी यांचा नामनिर्देश केल्यावाचून तबकडीची विक्री करू नये असा अंतरिम आदेश निघाला. कायद्याचा भाग बाजूस ठेवला तरी समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न उरतोच. ठेकाकारांच्या परिभाषेत पोत, वजन, लय, सफाई यांसाठी नेमके शब्द आहेत. परंतु उचललेल्या गळ्यातून निघणाऱ्या शब्दांना अर्थ असतो, आणि तो कोट्यवधी लोकांना कळतो, या गोष्टीसाठी तिच्यात जागा नव्हती. परक्या भाषेतील गाणे त्यांना निव्वळ ध्वनी म्हणून ऐकू येत होते. मित्रमंडळातील कोणाही टीकाकाराने त्यांना सावध केले नसते, कारण तो टीकाकारही त्याच कानाने ऐकत होता. परस्पर समीक्षेची ही मर्यादा हिप-हॉपपुरती खास नाही. एका घरात वाढलेल्या समीक्षकांना घराबाहेरचे दिसत नाही एवढाच तिचा अर्थ.

मर्यादेचा उलट प्रकार डेट्रॉइटमध्ये दिसतो. तेथील कॉनंट गार्डन्स वस्तीत ॲम्प फिडलर या वादकाने आपल्या घरातील एमपीसी-६० शेजारच्या तरुणांना खुले ठेवले होते. त्यांपैकी जेम्स यान्सी, म्हणजे पुढचा जे डिला, याची करामत ओळखून फिडलरने १९९४ मध्ये त्याची क्यू-टिपशी गाठ घालून दिली, आणि क्यू-टिपने डिलाची ध्वनिफीत न्यूयॉर्कच्या मित्रांत फिरविली. डिलाचे ढोल यंत्राच्या सरळ मात्रारेषेवर बसत नसत. काही आघात किंचित आधी, काही किंचित उशिरा पडत. 'द रूट्स' या संचाचा ढोलवादक क्वेस्टलव्ह, ज्याची ख्याती घड्याळासारख्या अचूकपणाबद्दल होती, याने हा प्रकार प्रथम ऐकला तेव्हा वाजविणारा जणू दारूच्या नशेत आहे असे त्याला वाटले, असे तो सांगतो. येथे टीकाकारापुढील सर्वांत बिकट प्रश्न उभा राहतो : समोर आहे तो दोष की हेतू? क्वेस्टलव्हने तो दोष ठरवून हसण्यावारी नेला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने पुन्हा ऐकले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी'अँजेलोच्या 'वूडू' या संग्रहात तोच अचूक वादक हेतुपुरस्सर मागे रेंगाळून वाजविताना ऐकू येतो. डॅन चार्नस यांनी 'डिला टाइम' या २०२२ मधील ग्रंथात सरळ व डोलणारी अशा दोन लयी एकाच वेळी परस्परांवर ठेवण्याची ही पद्धत म्हणजे स्वतंत्र लयतत्त्वच होय असे प्रतिपादिले आहे.

सामान्य श्रोत्यांनी मात्र एवढी सबुरी दाखविली नाही. १९९६ मध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चा चौथा संग्रह अनेकांना निराशाजनक वाटला तेव्हा त्याचा दोष मंडळात नव्याने आलेल्या डिलाच्या माथी मारणारे पुष्कळ निघाले. पुढे, १० फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डिला वारल्यावर त्याच लयीचे इतके अनुकरण झाले की, मात्रा चुकविणे हीच एक सवय होऊन बसली आणि अनुभवी ठेकाकारांना शिष्यांना उलट सांगावे लागले की, चुकविण्यापूर्वी मात्रा सापडली पाहिजे. साधनावरून कृती जोखण्याचा दोषही याच सुमारास उघडा पडला. 'लिटल ब्रदर' या संचाचा नाइन्थ वंडर हा संगणकावरील स्वस्त आज्ञावलीत ठेके बांधी. २००३ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा यंत्र वापरणाऱ्या काही जुन्या मंडळींनी आज्ञावलीचे नाव ऐकताच नाके मुरडली. त्याच वर्षी जे-झी याच्या संग्रहात त्याचा ठेका आला, आणि पुढे तो विद्यापीठांतून हा विषय शिकवूही लागला. ठेका ऐकण्यापूर्वी साधन विचारणारा समीक्षक आणि ग्रंथ वाचण्यापूर्वी प्रकाशकाचे नाव पाहणारा समीक्षक यांत फारसे अंतर नाही.

या इतिहासाच्या अभ्यासकाला एक साधन अद्याप जवळजवळ अस्पर्शित आहे. एसपी-१२०० वर केलेले काम लवचिक चुंबकीय चकत्यांवर साठविले जाई, आणि एखाद्या ठेक्याची मित्राने ऐकण्यापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही रूपे निरनिराळ्या चकत्यांवर राहून गेलेली असणे शक्य आहे. आपल्याकडे हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून जसा ग्रंथाच्या घडणीचा मागोवा घेतला जातो, तसा तो येथेही घेता येईल : कोणता तुकडा गळला, कोणता ढोल सरकला, कोणती ओळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून आली. डिलाचे एमपीसी यंत्र त्याच्या आईने वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिले आहे. यंत्रे अशी जपली जातील. चकत्यांवरील चुंबकीय लेप मात्र काळाच्या ओघात निकामी होतो, आणि त्यांपैकी बऱ्याच तळघरांतील खोक्यांत पडून आहेत.